आधी पाय बघ

रेवदंडा
६ एप्रिल २०२५

तीर्थरूप अंबाजीकाका,

पाया पडतो. घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, तरी सुकटीची पाटी तीच उचलते. दिघीला उकाडा कसा आहे? जनीताईला आठवण सांगा.

फोन दोनदा लावला आणि उचलायच्या आत ठेवला. म्हणून लिहितोय.

आपली शेवंता काल किनाऱ्यावरच्या घोड्यांच्या शर्यतीत लहान गटात पळाली. दुसरी आली. पांढरा घोडा शेवटपर्यंत तिच्या अंगाला अंग लावून होता, पण ती बिचकली नाही. उतरून मी तिच्या मानेला मिठी मारली. लोक म्हणाले, दुसरीच आली की. मला पुष्कळ होतं.

दसऱ्यानंतर मी तिचं नाव मोठ्या गटात दिलं, त्या दिवशी तुम्ही इथेच होतात. पावसाआधी लहान गटात तिने लागोपाठ तीन शर्यती मारल्या होत्या आणि मी हवेत होतो. तुम्ही विचारलंत, "तीन वेळेला तिच्या जवळ कोण आलं?" मी म्हटलं, कुणीच नाही. "मंग तिची परीक्षा झालीच न्हाय. घोडी तीच हाय, सोबत बदलणार. पहिली आली ते बघू नको, कुणात पहिली आली ते बघ."

त्यावर मी चार माणसांसमोर जे बोललो, ते लिहायला हात धजत नाही. पण लिहितो. "जन्मभर मुंबईत दुसऱ्यांच्या तबेल्यात लीद काढलीत, मला शिकवू नका."

तुम्ही चपला घातल्यात. जाताना एवढंच म्हणालात, "एक दिवस तिला खालच्या गटात आणशील. तेव्हा सोपं समजू नको. घोडं कधी गट चुकला म्हणून खाली येतं, कधी दुखतंय म्हणून. आधी पाय बघ." एवढं ऐकूनही मला शिकवूनच गेलात.

मोठ्या गटात दोन्ही वेळा ती शेवटची आली. दुसऱ्या वेळी अर्ध्यावरच मंदावली. मी चाबूक ओढला, काका. तीन-चारदा. ती आळस करतेय असं वाटलं. हे आईलाही माहीत नाही.

डिसेंबरात तिला लहान गटात घातलं. सगळे म्हणाले, आता ही हमखास मारणार. मलाही तसंच वाटत होतं. शर्यतीच्या सकाळी खोगीर घालताना तुमचं बोलणं आठवलं आणि खाली बसून पाय चाचपले. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली गरम होता. मी नाव काढून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा पळवली असतीत तर कायमची लंगडली असती. मग दोन महिने पूर्ण विश्रांती, आणि पाय निवल्यावर रोज सकाळी गुडघाभर समुद्रात चालवणं.

काल शर्यत झाल्यावर आपल्या आळीतल्या विवेकने विचारलं, पाय बरा कसा केलास? त्या दिवशीची चारही माणसं तिथे होती. मी सांगितलं, पाय बघायला काकांनी शिकवलं, आणि मी त्यांना जे बोललो ते चुकीचं होतं. मला मोकळं वाटलं.

पुढच्या रविवारी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला येतोय. दारातून परत पाठवलंत तरी राग नाही. शेवंता चार पायांवर उभी आहे, ती तुमच्यामुळे.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
विनेश