उजव्या हाताची गाडी, डावा फलाट

ती. ताईस,

मानेला टाके आहेत, त्यामुळे वाकून नमस्कार जमत नाही; ताठ मानेने केलेला गोड मानून घे. तुझे गुडघे बरे असतील. नसतील तर बसून वाच, पत्र लांब आहे.

गळ्यातली गाठ निघाली आणि निरुपद्रवी निघाली. (आपल्या घराण्यात निरुपद्रवी काही निघावं याचंच सगळ्यांना आश्चर्य.) पण आवाज वाचला तो तुझ्यामुळे. बसस्थानकावर उभा जन्म गाड्या पुकारणाऱ्या माणसाचा आवाज गेला तर उरतं काय? नुसता गणवेश. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "लहानपणापासून तू घास घोळवत बसतोस. कापायच्या आधी छातीचं स्कॅन होऊ दे." मी मनात म्हटलं, गाठ गळ्यात, आणि ही मुलांना शरीररचना शिकवून शिकवून छातीत शिरतेय. सर्जनबाईंनी मात्र ऐकलं. स्कॅन बघताच त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि मला कळेल अशा भाषेत सांगू लागल्या. हृदयातून निघालेली महाधमनी कमान करून वळते, त्या कमानीला फांद्या फुटतात. उजव्या हाताची रक्तवाहिनी एरवी पहिल्या फलाटावरून सुटते. माझी सुटते शेवटच्या, पार डावीकडच्या फलाटावरून, आणि अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे येते. म्हणून घास अडतो. अशा माणसाची उजवीकडची आवाजाची नसही छातीतून वळसा घेत नाही, मानेतूनच थेट स्वरयंत्रात शिरते. विनाथांबा! स्कॅन नसतं तर ती नस नेहमीच्या जागी शोधत बसले असते आणि भलतीकडेच कात्री लागली असती, असं बाई म्हणाल्या.

मी शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "काहीतरी बोला." तोंडून सवयीने निघालं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." शेजारच्या खाटेवरचे आजोबा पिशवी घेऊन उभे राहिले. सगळे हसले, मला मात्र रडू आलं. ताई, तुझे उपकार कसे फेडू?

तुझा,
घास घोळवणारा भाऊ

ता. क. एक काम कर. तुझ्या कॉलेजच्या छापील कागदावर दोन ओळी लिहून पाठव, की हिच्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही त्याला धमनी जबाबदार आहे. लग्नापासून रुसून आहे. माझ्यावर विश्वास नाही.

ता. ता. क. ताई, हे मी लिहितेय. कागद नको. शेजारच्यांनी जेवायला बोलावलं की यांची धमनी बरोबर बाजूला कशी होते, तेवढं त्या बाईंना विचारा. आणि ती प्रवाशांची घोषणा नंतरची. आधी डोळेही न उघडता हळूच "अगं" म्हणाले होते. मी मुद्दाम ओ दिली नाही. पुन्हा ऐकायचं होतं.