खुल्या फळीवरचं नाव

४ फेब्रुवारी

शंभर म्हणे! शिबिरात आज प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला — लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी इंटरनेटवरच्या शंभर जागा. चहा बाजूला ठेवून मी वरपासून खालपर्यंत वाचला. अर्ध्या रशियन, अर्ध्या इंग्रजी. किर्गीझ एकही नाही. नारीनमध्ये, किर्गीझमध्ये लिहिणाऱ्या बायकांच्या शिबिरात!

बिश्केकहून आलेल्या त्या गुळगुळीत तरुणाला विचारलं, "आपल्या भाषेतलं काही?"

"एजे, मागणी नाही ना." ताई म्हणायचं, आणि वर हे!

मागणी नाही! समोर तीस बायका वह्या उघडून बसल्या होत्या. त्या काय भाजी घ्यायला आल्या होत्या?

५ फेब्रुवारी

राग अजून उतरला नाही. तरी त्यातल्या काही जागा उघडून पाहिल्या. एकीनं विचारलं — तुमची भाषा निवडा. खाली सरकत गेले, सरकत गेले. आमची नव्हतीच. खिडकी बंद केली. बोर्सोकसाठी कणकेचे तुकडे तळायला घेतले, तेही करपवले.

९ फेब्रुवारी

मैत्रिणीकडे, तुर्सुनायकडे, शाळेच्या ग्रंथालयात गेले होते. तिला तो कागद दाखवला. तिनं त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"झाला उपयोग," म्हणाली. "आता इकडे बघ. वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या चुका काढतेस दिवसभर, आणि जगात काय चाललंय त्याचा पत्ता नाही बाईला."

तिच्या फोनवर ‘खुली फळी’! आमचीच, किर्गीझ! जुनी, कुठेही न मिळणारी पुस्तकं लोक घरी बसून टाइप करतात. डावीकडे छापील पानाचा फोटो, उजवीकडे टाइप केलेला मजकूर. दुसऱ्या कुणीतरी तपासलं की पुस्तक फळीवर. यंत्राला आमची काही अक्षरं ओळखू येत नाहीत, म्हणून सगळं हातानं.

"कोण करतं हे?"

"तुझ्या-माझ्यासारख्या रिकामटेकड्या."

१० फेब्रुवारी

काल संध्याकाळपासून फळीवरच आहे. एक शब्दकोश — शब्दावर बोट ठेवलं की कुठल्यातरी म्हातारीचा खरा आवाज तो शब्द म्हणतो! मागे कोंबड्या ओरडतात. घोड्याच्या चालींचे किती शब्द, मी लिहिताना अर्धे विसरले होते. माझं लहानपणचं वाचनाचं पुस्तक. लिहिणाऱ्यांसाठी एक खोली — कुणी आपली गोष्ट ठेवतं, बाकीचे मोकळेपणानं बोलतात. एकानं एकीला लिहिलं होतं, "ताई, तुमची नायिका सहा पानं रडते, तिला पाणी तरी द्या."

इतकी वर्षं मी एकटीच लिहिते आहे असं वाटायचं!

११ फेब्रुवारी

माझं पुस्तक आहे तिथे.

‘वरच्या कुरणांची गाडी’. प्रकाशक बंद पडला, प्रती संपल्या, माझ्याकडे एकच उरली — तिच्यावर चहाचा डाग. आणि इथे अख्खं पुस्तक! मुखपृष्ठासकट! आईला, अपाला, हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, म्हणाली, "वाच."

वाचायला लागले, आणि पहिल्याच परिच्छेदात थांबले.

‘मिर्झाबायनं गाडीचं दार उघडलं…’

कोण मिर्झाबाय? बोलोत! बोलोतनं दार उघडलं! पुढचं पान पाहिलं. मिर्झाबाय. त्याच्या पुढचं. मिर्झाबाय! मेंढपाळांनी घाटातल्या वळणाला नाव दिलं होतं — बोलोतचं वळण. तेसुद्धा मिर्झाबायचं करून टाकलं! बाकी एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही. फक्त नाव. शेवटपर्यंत.

अपा पीठ मळायला निघून गेली.

१२ फेब्रुवारी

झोप नीट झाली नाही. इथे लिहून ठेवते, निदान या वहीत कुणी बदलणार नाही.

बाबा ग्रंथालयाची गाडी चालवायचे. उन्हाळाभर वरच्या कुरणांवर पुस्तकं न्यायचे. नुसती न्यायचे नाहीत — तंबूत बसून वाचून दाखवायचे, कारण म्हाताऱ्यांचे चष्मे खाली गावात राहिलेले असायचे. एकदा पूल वाहून गेला तेव्हा पुस्तकं घोड्यांवर लादून नेली. पुढे ग्रंथालय खात्याच्या वर्धापनदिनाला जाड पुस्तिका निघाली. तिच्यात या कामाचं श्रेय खातेप्रमुखांना. फोटो आहे: प्रमुख, त्यांचे दोन सहायक, गाडी. आणि खाली तीन नावांनंतर — ‘आणि चालक’.

आणि चालक!

म्हणून मी ते पुस्तक लिहिलं. त्यात बाकीची सगळी नावं बदलली, एकच खरं ठेवलं. बाबांचं नाव जगात दोनच ठिकाणी आहे — थडग्यावर आणि माझ्या पुस्तकात. आता एका ठिकाणी उरलं.

फळीवाल्यांना लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा न खोडता पाठवलं.

१५ फेब्रुवारी

फळी चालवणाऱ्या एर्मेकचा फोन आला. कोवळा आवाज, फार नम्र. त्यानं माझी परवानगी मागायला प्रकाशकाचा नंबर फिरवला होता, तिथे आता टायरचं दुकान आहे. हे सांगतानाही माफी मागितली. नम्रतेनं आणखीच भडकले.

"एजे, ते पुस्तक एकीनं टाइप केलंय, दुसरीनं तपासलंय. दोघी फार काटेकोर आहेत."

"काटेकोर? नायकाचं नाव बदललं त्यांनी!"

"बहुतेक चुकून—"

"चुकून? प्रत्येक पानावर? चुकून माणूस एकदा घसरतो रे. अख्खा डोंगर घसरत खाली येत नाही!"

तो म्हणाला, "मी विचारतो त्यांना. पान-पान उघडून दुरुस्त करावं लागेल. तोपर्यंत पुस्तक राहू दे का?"

"काढून टाक. वडिलांच्या नावाशिवाय ते पुस्तक माझं नाही."

"एजे, लोक वाचताहेत—"

"मिर्झाबायचं वाचताहेत!"

१६ फेब्रुवारी

काढलं. बरं झालं.

१७ फेब्रुवारी

तुर्सुनाय रस्त्यात भेटली. भर बाजारात, कुरुत — वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या — विकणाऱ्या बायांसमोर सुरू झाली. "तुझं पुस्तक फळीवर दिसल्यापासून सातवीच्या वर्गाला रोज एक प्रकरण वाचून दाखवत होते मी. पूल वाहून गेला तिथपर्यंत आलो होतो. आज फळीवर जाते तर भोकच! मुलं म्हणतात, पुढे काय झालं? म्हटलं, लेखिका रुसली."

"नाव चुकीचं होतं."

"मला माहीत होतं? तुझं पुस्तक छापील मला कधी दिलंस तू? एकच प्रत म्हणून उशाला घेऊन झोपतेस."

"तुझ्या जागी मी असते तर—"

"माझ्या जागी असतीस तर तीस पोरांना तोंड दिलं असतंस! ये उद्या, पूल तूच बांध."

कुरुतवाल्या हसत होत्या. मी घरी आले. माझाच राग, आणि लोक मलाच हसतात!

२० फेब्रुवारी

आज बोलका निरोप आला, अनोळखी नंबरावरून. एक बाई, हळू आवाज, मागे भांड्यांचा खडखडाट. आठवतो तसा उतरवते.

"बेर्मेत एजे, मी झियनात, अत-बाशीहून. पुस्तक मी टाइप केलं. आमच्या सासऱ्यांसाठी केलं. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. इतर पुस्तकं भिंग धरून पान-दोन पानं वाचायचे आणि डोळे चोळत बसायचे. फोनवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, म्हणून. पण तुमच्या त्या गाडीवाल्याचं नाव… मी सून आहे हो या घरची. ते नाव मी कसं घेऊ? तुम्ही म्हणाल, लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. पण टाइप करताना माझे ओठ हलतात, एजे. पहिल्याच ओळीला अडले. म्हटलं, तात्पुरतं मिर्झाबाय लिहू, तपासणारी बदलेल. तपासणारी माझी जाऊच. तीही याच घरची सून! तुम्ही मला ओरडा. पण पुस्तक परत ठेवा. सासरे रोज विचारतात, माझा गाडीवाला कुठे गेला?"

अख्ख्या निरोपात एकदाही तिनं ते नाव घेतलं नाही.

अपाला ऐकवलं. ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे, अपा?"

"अगं, तिच्या सासऱ्यांचं नाव तेच असणार. तुझ्या वडिलांचं."

"ते कळलं मला! पण म्हणून पुसायचं? सासऱ्यांचा मान राखायला माझा बाप पुसायचा?"

"मी तरी कधी घेतलं का त्यांचं नाव? सांग, मी त्यांना काय हाक मारायचे?"

आठवलं. गाडीवाले. ‘अहो गाडीवाले, जेवायला चला.’ मला वाटायचं, थट्टा आहे.

"आणि माझं पुस्तक?" मी विचारलं.

"वाचलं की. मनातल्या मनात. ते नाव आलं की डोळे पुढे सरकवायचे."

मग त्या दिवशी ती पीठ मळायला उगाच गेली नव्हती. पहिल्या ओळीतच तिच्या लक्षात आलं होतं! "सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकायच्या मनःस्थितीत होतीस का?"

त्या खातेप्रमुखानं नाव गाळलं ते तुच्छतेनं. या बायकांनी गाळलं ते आदरानं. बाबांच्या दृष्टीनं काय फरक पडला? दोन्हीकडे जागा रिकामीच! आदर म्हणे! असा आदर, की माणूस नावासकट विरघळून जातो आणि घरात सगळ्या डोक्यावरचे रुमाल सावरून बसतात!

झियनातला उलट निरोप पाठवला. जोरात बोलले. म्हटलं, "माझ्या वडिलांचं नाव बोलोत होतं. बोलोत! तुझ्या सासऱ्यांचं घर या नावानं पडणार नाही. बोलोतनं दार उघडलं, बोलोतनं गाडी हाकली, बोलोतनं पुस्तकं घोड्यांवर लादली. तुला जमत नसेल तर राहू दे!" आणखी कितीदा तरी म्हटलं. इतकी वर्षं या घरात कुणी म्हटलं नव्हतं, त्याची भरपाई केल्यासारखं.

अपा दाराशी उभी राहून ऐकत होती. निघून गेली नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी वाईट वाटलं. ती मुलगी वर्षभर कामं उरकून, फोनवर बोटं झिजवून एका म्हाताऱ्यासाठी टाइप करत होती. आणि मी किंचाळले. राग खोटा नव्हता. पण तिच्यावर काढायचा नव्हता.

एर्मेकला फोन केला. "पानं मला उघडून दे. मीच दुरुस्त करते."

"सर्वांना दिसणार नाहीत अजून, पण तुम्हाला, त्या दोघींना आणि त्यांच्या घरच्यांना दिसतील. कुणीही दुरुस्त केलं की खाली नाव उमटतं." मग हळूच, "एजे, मग पुस्तक परत ठेवू?"

"आधी नाव."

झियनातला दोन ओळी लिहिल्या — काल जास्त बोलले. तू हात लावू नकोस, तुझ्यावर जबरदस्ती नाही, उद्यापासून मी बसते. तिचं उत्तर नाही. रागावली असेल. रागावू दे, हक्क आहे तिचा.

२२ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन बसले. पहिलं पान उघडलं — ‘बोलोतनं गाडीचं दार उघडलं…’ दुसरं उघडलं. बोलोत. घाटातलं वळणही बोलोतचं. शेवटपर्यंत सगळी पानं झालेली! प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरांत — ‘दुरुस्ती: बोलोत’.

शेवटच्या पानाखाली एक टीप होती, अडखळत टाइप केलेली. "लेकी, पुस्तक दोनदा वाचलं. गाडीवाला माझ्या नावाचा आहे हे परवा स्वयंपाकघरात सुनेच्या फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हा कळलं. सुनांना रागावू नकोस. त्यांना जमणार नव्हतं. मला जमतं."

फोन अपासमोर धरला. तिनं नावावरून डोळे पुढे सरकवले नाहीत.