बासष्टचे ब्याण्णव होणार नाहीत

इलोइलो, मार्चअखेर

प्रिय मनांग व्हांजी,

तुझा हात इथूनच कपाळाला लावतो. आशीर्वाद द्यायचा की नाही ते पत्र पुरतं वाचून ठरव. कुवेतमध्ये तुझी तब्येत ठणठणीत असेल. असणारच, आजारी माणसाच्या हातून मुख्याध्यापिकेला अडीच पानी तक्रार लिहून होत नाही. तिची प्रत मॅडम नॉर्मितांनी काल माझ्या हातात ठेवली. तीत तू मला 'सदर शिक्षक' म्हटलं आहेस. ज्या धाकट्या भावाचं शेंबडं नाक तू स्वतःच्या फ्रॉकला पुसलंस तो आता सदर शिक्षक! ते ऐकून नानाय (आपली आई; अडीच पानांत तिची विचारपूस कुठे सापडली नाही) इतकी हसली की तिला कवळी काढून ठेवावी लागली. ती बरी आहे. तू पाठवलेल्या यंत्रावर रोज रक्तदाब मोजते आणि आकडा आवडला नाही तर पुन्हा मोजते.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. जुनेलिनला संगीतात बासष्ट मिळाले आहेत आणि बासष्टच राहतील. ती तुझी लेक असली, माझी भाची असली, तू गेल्यापासून सहा वर्षं माझ्याच घरात माझ्या समोर बसून जेवत असली, तरी. त्या बासष्टमुळे तिची सरासरी एकोणनव्वदवर अडकली, नव्वद झाली नाही आणि मेडल हुकलं, हे मला कळतं. 'मेडल मिळव, मग मी येते आणि स्टेजवर चढून स्वतःच्या हातानं तुझ्या गळ्यात घालते', असं तू तिला सांगितलं होतंस, हेही ठाऊक आहे. आता मेडल नाही म्हणून मंजूर झालेली रजा तू परत केलीस, हे मात्र मला तक्रारीच्या दुसऱ्या पानावर कळलं. तीन दिवसांत लेखी खुलासा करा, असा कागद मला मिळाला आहे. मॅडमना मी खुलासा एका ओळीत दिला. तू मनांग आहेस, थोरली बहीण, तुला लांबण लावून देतो.

आमचा विषय कसा असतो तुला माहीत आहे. संगीत, चित्रकला, खेळ आणि आरोग्य हे चारही एका पातेल्यात शिजवायचे आणि आचारी एकच. मी मूळचा बांदुर्याच्या तारा छेडणारा माणूस. पण यंदा मी अडथळ्यांची शर्यतही शिकवली. (उडी मी मारली, अडथळा पायात अडकून माझ्यासोबत पुढे आला, आणि मुलांनी ती नवीन पद्धत समजून वहीत उतरवून घेतली. कंबर अजून धरते आहे. यावर कुठलं मलम लावायचं ते तक्रारीत लिहिलं असतंस तर उपयोग झाला असता.) मग आली संगणकावरची चित्रकला. शाळेत संगणक एकच, आणि त्यावर मॅडम नॉर्मिता पत्त्यांचा खेळ लावून बसतात, म्हणून मुलांनी मोबाइलवर चित्रं केली. विषय होता जगाचं आरोग्य. बाकीच्यांनी डास काढले. जुनेलिननं तुला काढलं. परक्या देशांतल्या आजाऱ्यांची उशापायथ्याला बसून काळजी घेणाऱ्या आपल्या बायका, असं काहीसं तिनं खाली लिहिलं होतं. तुझा अलीकडचा फोटो घरात नाही, म्हणून व्हिडिओ कॉल मधेच गोठला होता तेव्हाचं चित्र तिनं घेतलं: एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, गाल चौकोनाचौकोनांचे. मी पंच्याण्णव दिले. तेव्हा सदर शिक्षकाविरुद्ध तुझी काही तक्रार नव्हती.

त्या पंच्याण्णवांनीच घात केला. 'मामाच मास्तर असल्यावर काय हो, आमच्या पोरांनी डासच काढायचे', असं बाजारात बोलणं सुरू झालं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, संगीताच्या परीक्षेत मी मार्क देणारच नाही. प्रत्येकानं आपल्या मुलखातलं एक गाणं म्हणायचं आणि मार्क देणार माझ्या दोस्ताचं, कोम्पारे बिएन्वेनिदोचं, कराओके यंत्र. आपल्या गावात लोक कोर्टाच्या निकालावर अपील करतात, कराओकेच्या आकड्यावर करत नाहीत. बारशापासून मयतीपर्यंत त्याच यंत्रानं आपली लायकी ठरवली आहे. त्रेचाळीस मुलं आणि मॅडम नॉर्मिता यांच्यासमोर मी हात वर करून शपथ घेतली की पडद्यावर येईल तोच आकडा वहीत जाईल. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला बांदुर्यावर कधी पडल्या नव्हत्या.

पहिला उठला रोहेमार, मासळीवाल्या बाईंचा मुलगा. त्यानं गाणं म्हटलं नाही, विकलं. भिंतीवरच्या दोन पाली खाली आल्या. सूर त्याच्या वाटेला गेला नाही आणि तो सुराच्या. यंत्रानं तुताऱ्या वाजवून अठ्ठ्याण्णव दिले. मग मॅडमनी कोणी म्हटलं नसताना माइक घेतला. त्यांना एकाहत्तर. (तेव्हापासून त्यांच्या मते यंत्र नादुरुस्त आहे.) मग जुनेलिन. तिनं मुलांना निजवायचं आपलं जुनं गाणं घेतलं, तू तिला म्हणायचीस ते. एक स्वर ढळला नाही, मनांग. पण इतकं हळू म्हटलं की पुढच्या बाकावरची मुलं श्वास धरून बसली आणि मागच्यांना वाटलं अजून सुरूच व्हायचं आहे. माझे डोळे भरून आले, ते मी पुसले, आणि पडद्यावर बासष्ट आले. मी शपथ घेतली होती. लिहिले.

तेव्हापासून सगळं गाव माझ्यामागे हात धुऊन लागलं आहे. कालपर्यंत मामा पक्षपाती होता, आज मामा राक्षस आहे. मॅडम म्हणाल्या, "दोल्फो, नुसता सहाचा आकडा उलटा करायचा आहे. आई बिचारी तिकडून यायला बसली आहे. किती शाई लागते रे?" मी म्हटलं, शाई भरपूर आहे, मॅडम. मग त्यांनी बदलीचं काढलं. समोरच्या बेटावर एक शाळा आहे म्हणे, आठवड्यातून दोनदा होडी जाते. खुशाल करा! तिथल्या मुलांनाही गळे असतीलच. रोहेमार येऊन म्हणाला, "सर, माझे छत्तीस तिला द्या की. मला बासष्ट पुरतात, मला मासेच विकायचेत." सबंध प्रकरणात शहाणं माणूस तेवढं एकच भेटलं. त्यालाही मी हाकललं. माझा एका ओळीचा खुलासा असा आहे: यंत्रानं दिले, मी लिहिले, खोडणार नाही. तूही आणखी अडीच पानं लिही, पाच लिही. उत्तर हेच येईल.

नानायचे आशीर्वाद. तुझ्या पाया पडतो, पण वाकतो कंबरेपुरताच.

तुझा हट्टी भाऊ,
दोल्फो (सदर शिक्षक)

ता. क. नानाय म्हणते, खजूर पाठव, मागच्यासारखे बिया असलेले नकोत. कवळी नवी आहे.

दुसरा ता. क. वर एक गोष्ट लिहिली नाही. ते यंत्र आवाजाला मार्क देतं, सुराला नाही. हे मला माहीत आहे, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि जुनेलिनला तर पाच वर्षांची असल्यापासून. घरच्या वाढदिवसांना तिला त्याच यंत्रावर कधी नव्वदच्या खाली मिळालेले नाहीत. परवा आम्ही मागच्या अंगणात मासे साफ करत होतो तेव्हा मी सरळ विचारलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तितोमामा, मी मुद्दाम हळू म्हटलं. मेडल मिळालं असतं तर आई आली असती. पण कशासाठी आली ते मला कधीच कळलं नसतं." मग म्हणाली, "तू आकडा खोडलास तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही." मला माशाचे खवले दिसेनासे झाले. आता सांग, खोडू?

तिसरा ता. क. एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी सोहळा आहे. मेडल असो नसो, प्रत्येक मूल आईबापाच्या हाताला धरून रांगेतून आत येतं. मॅडमनी जुनेलिनच्या नावापुढे माझं नाव घातलं होतं. ते मात्र मी खोडलं. नानायलाही सांगून ठेवलं आहे, उठायचं नाही. मी वादकांत बसून बांदुर्या वाजवणार आहे आणि तिच्या शेजारची जागा कोणालाही भरू देणार नाही. रांग सकाळी आठला सुटते. येणार की नाही ते मला कळवू नकोस. तिला कळव.