शिवाय म्हणायला शिकलो, त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझे गुडघे कसे आहेत? भावजी अजून तुझाच चष्मा लावून पेपर वाचतात का? आम्ही इकडे ठीक. ("ठीक" दोनदा विचार करून लिहिलं आहे.)

तुझ्या लेकीच्या लग्नाला येणार नाही, असं तू कळवलंस. लग्न ठरल्याचं तिने आधी मला सांगितलं आणि तुला तीन महिन्यांनी. तुझा राग रास्त आहे. ते तीन महिने मीही गप्प बसलो, तेव्हा अर्धा राग माझ्यावर धर. पण तुझं मन वळवायला हे पत्र नाही. पत्र आहे माझ्या फ्रेंचबद्दल.

होणाऱ्या जावयाच्या आईला, म्हणजे तुझ्या विहीणबाईंना, फ्रेंचखेरीज काही येत नाही. त्या आठ दिवस येणार, तर मुलीकडून कुणीतरी बोलायला हवं, म्हणून मी शिकवणी लावली. शिकवणाऱ्या बाई दुसऱ्याच तासाला म्हणाल्या, "तुमची वाक्यं दार आपटल्यासारखी संपतात हो. समोरच्याला वाटेल, हा रागावलाय." उपाय म्हणून त्यांनी "आँ प्लूस" शिकवलं, म्हणजे आपलं "शिवाय". एक गोष्ट सांगून झाली की आँ प्लूस म्हणायचं आणि दुसरी जोडायची. सुचली नाही तरी म्हणायचं; तोंड उघडलं की काहीतरी येतंच, असा त्यांचा सिद्धान्त. आता मी पडलो औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासणारा. वीस वर्षं एक शब्द जास्त दिसला की पेटी परत पाठवत आलो. मला हे जोडकाम जमावं कसं? तरी सवय व्हावी म्हणून खोकल्याच्या औषधाचं लेबल बघून साहेबांना म्हणालो, "बरोबर आहे. शिवाय..." आणि पुढे काही सुचेना. साहेबांचा चेहरा पांढराफटक. "बरोबर आहे"च्या पुढे मी आजवर कधी गेलोच नव्हतो ना! त्यांनी यंत्र थांबवून चारशे बाटल्या पुन्हा तपासायला लावल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. "तुम्ही आपले गप्पच बरे," साहेब म्हणाले.

विहीणबाई पुस्तकांची बांधणी करतात. नखांत डिंक, हसणं मोकळं. त्या आल्या त्या दिवशी चहा घेताना मी सांगितलं, माझी बहीण मुख्याध्यापिका आहे. आँ प्लूस, तिचं अक्षर सुंदर आहे. आँ प्लूस, तिने मला पोहायला शिकवलं (ढकलून, पण ढकलण्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं). मग त्यांनी विचारलं, त्या कधी भेटणार? मी म्हणालो, तिचे गुडघे दुखतात. दुखतातच, त्यामुळे यात खोटं काही नाही. तुझी लेक नुसती बशीकडे बघत होती. पुढे मी आणखी एक वाक्य बोललो, ते किरकोळ आहे. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा (चव्वेचाळिसाव्या वर्षीही)

ता. क. ते वाक्य किरकोळ नव्हतं. आँ प्लूस म्हणून मी अडलो, विहीणबाई वाट बघत राहिल्या, आणि तोंडातून निघून गेलं की ताई बारा तारखेला लग्नाला येणार आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जावयाने लेकीला अर्थ सांगितला. ती उठून आत गेली ती तोंड धुऊनच बाहेर आली. तीन दिवस झाले, रोजनिशीत "खोटं बोललो" असं लिहायला हात उचलत नाही, कारण बारा तारीख अजून उजाडायची आहे. ताई, ये गं.

ता. क. दुसरा. माझी ही थाप आहे, हे तुझ्या लेकीला माहीत नाही. पत्र तिच्याकडेच टाकायला देतोय. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

आई, आता मी लिहितेय. वाचलं पत्र. थाप मारताना मामाचे कान लाल होतात, मला तेव्हाच कळलं होतं. एक गोष्ट मामाला सांगितलेली नाही, त्यालाही नाही, पहिल्यांदा तुलाच सांगतेय: मला फार भीती वाटतेय. पाकीट मीच चिकटवते.