जर्मनीच्या माणसाची फौज

मी, सौ. सुवर्णा बहिरू खोडे, वय छप्पन्न, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीनं हे मृत्युपत्र लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली नाहीच. पण फौज बाहेर काढण्याआधी मागचा बंदोबस्त करायचा, ही माझी सवय आहे.

१. माझ्या नावचं गुलाबाचं वावर मुलगा समाधान याला. विहिरीवरची मोटार त्यानं लगेच दुरुस्त करावी, "बघू" म्हणू नये.

२. घर आणि बँकेतली ठेव यजमान बहिरू यांना. "या वयात लढाया कसल्या खेळतेस?" म्हणून ते मला हसत आले. पण कॉम्प्युटरजवळ चहा रोज त्यांनीच आणून ठेवला, हे इथं नमूद करते.

३. माझ्या पाटल्या मुलगी निकिता हिला. कॉम्प्युटर तिलाच, आणि इंटरनेटवरच्या लढाईच्या खेळातलं माझं राज्यही तिलाच. जुन्या सरदारांच्या काळातला तो खेळ. जगभरची माणसं त्यात गड बांधतात नि एकमेकांचे पाडतात. त्यात माझं नाव हान्स आहे, का ते पुढे येईल.

निकिता, नीट ऐक. समोरून घोडदळ आलं तर भालेकरी उभे कर, तलवारवाले नकोत. हल्ला करायचा तो गड कधी दाखवायचा नाही. चार ठिकाणी थोडी थोडी माणसं धाड, शत्रू चारीकडे फौज वाटून बसला की खरी फौज पाचव्यावर घाल. आधी घोडेस्वार पोचले पाहिजेत, त्यांच्या पाठोपाठ दगड फेकणारी यंत्रं. यंत्रं एकटी पोचली की कारभार आटोपला. आणि झोपायला जाताना फौज बाहेर फिरायला पाठव. रिकाम्या गडावर धडकून शत्रूच्या हाती काही लागत नाही.

४. धाकटी जाऊ प्रतिभा हिला काही नाही. हा खेळ आम्ही दोघी बरोबर शिकलो, एकाच गटात होतो. "ताई, तुमच्या शेवंती गडाला वेढा पडला तर मी भालेकरी पाठवते," असं तिनं कबूल केलं होतं. वेढा पडला, तेव्हा बाईसाहेबांची सगळी फौज लुटीला गेलेली! माझी शेवंती पडली. मी बोलले, ती उलटून बोलली, तेव्हापासून अबोला आहे. घरच्या कार्यात पोळ्या लाटतानाही आम्ही निकिताकरवी बोलतो. लोक हसतात. हसणाऱ्यांचा गड कधी पडलेला नाही.

५. ओळख लागू नये म्हणून जर्मनीचा हान्स असं नवं नाव घेऊन मी खेळात परत आले ती प्रतिभाचा गड पाडायलाच. जाऊन बघते तर दुसरेच तिच्यावर तुटून पडलेले. मला ते खपलं नाही. पाडायचा तर मी पाडीन, ऐऱ्यागैऱ्यांनी का? मी माझे भालेकरी तिच्या तटावर उभे केले. ते आजही तिथंच आहेत. दुसऱ्याच्या गडावर उभी केलेली फौज त्याच गडाचं धान्य खाते, आणि नको असेल तर गडवाला ती परत धाडू शकतो. प्रतिभानं धाडली नाही. फुलबाजारात माझ्या पाठीमागं ती शेजारच्या गाळ्यावरच्या भागीबाईला सांगत होती, "जर्मनीचा कोणी हान्स हाय, लय भला माणूस. न मागता भालेकरी देतो." मी खाली मान घालून झेंडू तोलत राहिले. हसू आवरेना.

माझं खातं आठवडाभर कोणी उघडलं नाही तर खेळ ते पुसून टाकतो आणि फौज जागच्या जागी नाहीशी होते. तिच्या गडाभोवती सध्या शत्रूचे तळ आहेत. म्हणून निकिता, माझं काही बरंवाईट झालं तर आधी खातं उघड, मग रड. भालेकरी परत बोलवायचे नाहीत. प्रतिभाला हे कळू द्यायचं नाही. तिनं गड राखला पाहिजे, मला एवढंच हवं आहे.

६. साक्षीदार शेजारचा केरू आणि प्रतिभा. आमचं बोलणं नाही, पण सही करायला बोलावं लागत नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. मी देतच नाही. फौज निकिताची, फक्त तिथं उभी राहील. प्रतिभानं शेवटच्या पानावर सही करावी, आतलं वाचू नये.

मी धडधाकट परत आले तर हा कागद फाडीन आणि शेवंती परत घेईन.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १२ मार्च २००९

सही: सौ. सुवर्णा बहिरू खोडे

साक्षीदार १: केरू नामदेव मौले

साक्षीदार २: सौ. प्रतिभा जीवन खोडे
सगळं वाचून सही केली. ताई, भारनियमनात तुमच्या वस्तीची लाईट गेली की जर्मनीचा हान्सही गायब होतो, आणि लाईट आली की हजर होतो. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुमच्या भालेकऱ्यांना धान्य मी कधी कमी पडू दिलं नाही. सोमवारी निकिताला कॉम्प्युटरपाशी राहू द्या, दवाखान्यात तुमच्याजवळ मी बसते. या वेळी नक्की पोचते.