माडीची थरथर

६ जानेवारी
माडी पाडायची नाही! आमच्या ब्राह्मीने सकाळीच निकाल दिला. नात खरी, पण इंजिनिअरसारखी बोलायला लागली की मीच वर्गात बाकावर बसल्यासारखा. बंगळुरात बसून परदेशातल्या बारा मजली लाकडी इमारतींचं काम करते. “तिथं अशीच जमीन असते, आजोबा. खाली लाकूड, वर काँक्रीटचा पातळ थर, मधे तिरके स्क्रू. मग दोघं मिळून वजन घेतात.”
दोघं मिळून — वा!
आमच्या हिला, त्रिशलाला, वॉकर आल्यापासून माडीच्या फळ्या हलल्या की ती भेलकांडते. करायलाच हवं.

९ जानेवारी
मनातलं कुणाला सांगू? हिला ऐकू येईनासं झालं तेव्हा वाटलं, संपल्या आमच्या कविता. मग एकदा ही आरशासमोर वेणी घालत होती. मी मागे उभा राहून उगाच टाचेने शाळेतल्या नावाड्याच्या कवितेचा ताल धरला — आणि हिने तीच कविता धडाधड म्हटली! फळ्यांची थरथर पायाला कळते तिच्या. तेव्हापासून रोज सकाळी आमचा वर्ग भरतो.
ब्राह्मीला आडून विचारलं, “थोडी थरथर राहील ना गं?”
“ती घालवायलाच तर एवढा खटाटोप!”

१५ जानेवारी
कुपवाडहून स्क्रू आले. वीतभर लांब.

१९ जानेवारी
काँक्रीट ओतलं. तुळयांना खालून टेकू. आम्ही दोघं मागच्या खोलीत. इथे शहाबादी फरशी. टाच दुखेपर्यंत ताल धरून पाहिला. ही पाठमोरी, शेंगा फोडत बसलेली. मान वर केली नाही.
म्हणजे माझं खरं होतं — फळ्या हलल्याशिवाय हिला ताल कळत नाही.

१७ फेब्रुवारी
टेकू काढले. बंगळुराहून आलेल्या ब्राह्मीने वर चक्क उड्या मारल्या — मांडणीतला एक पेला वाजेल तर शपथ! ही वॉकर घेऊन सरळ खिडकीपर्यंत गेली, कुठे न अडखळता. “लय झ्याक केलंस गं पोरी!”
आनंद झाला. खरंच झाला.

१८ फेब्रुवारी
सकाळी ही आरशासमोर. सवयीने टाच पडली. जमीन ढिम्म.
आणि हिने नावाड्याची कविता सुरू केली!
मी पुढे जाऊन पायाकडे बोट दाखवलं — कळलं कसं?
“आवं, पायाला कवा काय कळत हुतं? आरशात तुमची मान हालती की! नावाड्याच्या कवितेला डावीकडं कलती.”