आईच्या फोनचे पाचवे बटण

४ जून
शिष्यवृत्तीच्या पैशांतून आईसाठी नवा मोबाइल आणला, बुलढाण्याहून. तिचा बटणांचा फोन घरी चार्जिंगला होता; तिला न सांगताच एक्सचेंजला दिला. सिम तेवढे काढून घेतले. दुकानदाराने विचारले, "ताई, आतलं काही ठेवाचं असन तं सांगा, सारं पुसून टाकतो." काही नाही, म्हणाले. आईला वाचता येत नाही. तिच्या फोनमध्ये काय असणार?

५ जून
आईने फोन उलटून पाहिला, पदराने पुसला. "बटनं कुठी हायेत?"
जुन्या फोनवर दोन दाबून धरले की मामा. तीन म्हणजे भाजीचे आडते. चार मी. पाच कोण, ते आईने सांगितले नाही. बाबा ओट्यावर होते.

७ जून
पाच म्हणजे सुमनमावशी. अकरा वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केले म्हणून बाबांनी जिचे नाव घरात बंद केले, ती. दर आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी वांगी तोडताना आई तिच्याशी बोलायची. फोन नेहमी आईनेच करायचा. मावशीने केला आणि बाबांनी उचलला तर, म्हणून तसे ठरलेले. नंबर कुठेही लिहिलेला नाही, मामाकडेही नाही.
"मले वाटे, बटन हाये तं ती हाये."
रागावली नाही. रागावली असती तर...

९ जून
वाक्य मनात घोकून दुकानात गेले. गर्दी. अर्धा तास नुसती कव्हरे पाहिली. "ताई, कव्हरं पाठ करून राह्यल्या का?" सगळे हसले. मग विचारले. फोन मलकापूरला गेला, भंगारात. आणि पुसला तर माझ्यासमोरच होता.

२८ जून
आई नवा फोन शेतात नेतच नाही.

१२ जुलै
धामणगाव बढे. मावशीचे तिथे शिलाईचे दुकान आहे, आईला एवढेच ठाऊक. बाबांना मोताळ्याला मैत्रिणीकडे जाते असे सांगितले.
मशीनवरची बाई मान वर न करता म्हणाली, ब्लाऊज आठ दिवसांनी भेटन. हनुवटी आईचीच. मी आईचे नाव घेतले. मशीन थांबली. सगळे सांगितले, चूक माझी, हेही. नंबर मागितला.
"पाच बाजार झाले," ती म्हणाली. "मी काय समजाचं ते समजून घेतलं."
नंबर दिला नाही. मापांच्या वहीत मी माझाच लिहिला; हा फोन बाबांच्या हाती लागत नाही, म्हणाले. तिने पान उलटले नाही. मी रस्त्याला लागेपर्यंत मशीनही पुन्हा सुरू झाली नव्हती.